रक्तदाबाची एकत्रित गोळी घेताना

एका गोळीने रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टर बहुधा दोन औषधांची एकत्रित गोळी देतात. कारण एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी दोन औषधे कमी मात्रेत अधिक उपयोगी पडतात.

गोळी हाती आली की पाकिटावरील ब्रँडचे नाव सोडून त्याखालची बारीक अक्षरे वाचा. तेथे ‘टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, अम्लोडिपिन ५ मिग्रॅ’ असे लिहिलेले असेल आणि घरात अम्लोडिपिनची जुनी पट्टी शिल्लक असेल, तर ती पुढे चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही एकत्र घेऊ नका. ही चूक आपल्याकडे फार होते, आणि ती शिकलेल्या घरांतही होते. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते. टेल्मिसार्टनच्या जोडीने ती सहसा कमी राहते.

गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर ते लघवी वाढवणारे औषध आहे. परभणी-लातूरच्या मे महिन्यातील उन्हात दिवसभर शेतात राबणाऱ्याला त्यामुळे उभे राहताच चक्कर येऊ शकते. जुलाब-उलट्या लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्तातील सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिनची (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) तपासणी ते सांगतील तेव्हा करून घ्यावी. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये, कारण या औषधांसोबत त्याचा मूत्रपिंडावर ताण पडतो.

गर्भवतीने टेल्मिसार्टन घेऊ नये. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे.