चर्चच्या मंडळीत आपल्या मनावर दबाव टाकू लागलेत का, हे कसं ओळखायचं

मी जालन्याची. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. 19व्या शतकात मिशनरी नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून आमच्या लोकांची वस्ती इकडं आहे, त्यामुळं उपासना, संडे स्कूल, नाताळातली भजनं हे सगळं माझ्या अंगात भिनलेलंय. तरी हे लिहायला बसले, कारण माझ्या सख्ख्या मावशीनं एका घरगुती प्रार्थना सभेला जाऊन जाऊन शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि आम्हाला कळालं तोवर तिच्या पायाची जखम पार चिघळली होती. तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, "चर्चमधी माइंड वॉश करतात का गं?" याला एका शब्दात उत्तर नाही. काही ठिकाणी मनावर दबाव टाकतात, बऱ्याच ठिकाणी नाही टाकत, आणि आपली मंडळी त्यातली कोणती ते आपल्यालाच तपासावं लागतं.

आधी एक गैरसमज काढा. गाणं चालू असताना रडू आलं, अंगावर काटा आला, म्हणजे कुणी फसवलं असं नाही. कीर्तनात मृदंग चढला की होतं, दर्ग्यात कव्वालीला होतं, वारीत दिंडीत होतं, तसंच इथं होतं. लक्ष द्यायचं ते त्या रडण्याच्या लगेच नंतर काय मागतात याच्याकडं. अर्धा-पाऊण तास गाणी, मग कीबोर्ड हळू वाजत ठेवायचा, डोळे मिटायला सांगायचं आणि त्याच दमात "आत्ताच निर्णय घ्या, उद्या जिवंत असाल का माहीत नाही" म्हणत बाप्तिस्म्याचं किंवा दानाचं वचन घ्यायचं, हे मी डोळ्यानं बघितलंय. अशा वेळी मनाशी एक नियम पक्का करा: भर सभेत कुठलंच वचन द्यायचं नाही. घरी जायचं, जेवायचं, झोपायचं, दोन दिवसांनी ठरवायचं. देवाचं बोलावणं असंल तर ते मंगळवारी पण ऐकू येईल.

पाळक म्हणतात, "एक हात दिसला, दोन हात दिसले, अजून कुणीतरी आहे", तेव्हा आपला हात कामून वर जातो तेही समजून घ्या. सोलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात अमेरिकेत प्रयोग केले होते. कागदावरच्या रेघांतली बरोबरीची रेघ कोणती एवढंच सांगायचं होतं, पण खोलीतले बाकीचे सगळे त्याचेच लोक, ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या उमेदवारांची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्या लोकांच्या नादानं चुकली, समोर रेघ स्वच्छ दिसत असताना. पण बाकीच्यांतला एक जण जरी बरोबर बोलला तरी हे चुकणं लई कमी झालं. म्हणून माझं सांगणं की अशा सभेला एकटं जाऊ नका, आणि गेलात तर बाहेरचं एक माणूस असं ठेवा ज्याला घरी आल्यावर सगळं जसंच्या तसं सांगता येईल. बहीण असो, शाळेतली मैत्रीण असो, वेगळ्या धर्माची असली तर अजून चांगलं.

आता खरी परीक्षा. "नाही" म्हणून बघा. एक रविवार जाऊ नका आणि कारण साधं सांगा, घरी पाहुणे होते. एक प्रश्न विचारा. एका महिन्यात दान कमी टाका. मग लोक कसे वागतात ते बघा. चांगल्या मंडळीत फोन येतो, तब्येत विचारतात, प्रश्नाचं उत्तर येत नसलं तर पाळक साहेब सरळ म्हणतात, वाचून सांगतो. दबावाच्या ठिकाणी दुसरंच ऐकू येतं, "शंका सैतानाकडून येते", "अभिषिक्त माणसाविरुद्ध बोलू नको", "तुझ्या घरात आजार आला तर आम्हाला म्हणू नको". सुरुवातीला जे रोज मेसेज करायचे, डबा आणायचे, ताई ताई करायचे, ते एकदम गार पडतात. नव्या माणसावर प्रेमाचा असा मारा करण्याला लव्ह बॉम्बिंग म्हणतात, 1970 च्या दशकात कोरियातल्या सन म्युंग मून यांच्या युनिफिकेशन चर्च या पंथामुळं हा शब्द गाजला. प्रेम खरं का खोटं हे ते मिळताना कळत नाही, नकार दिल्यावर कळतं. आमच्या मावशीला दवाखान्यात भरती केलं तेव्हा त्या सभेतलं कुणी आलं नाही, वर निरोप आला की विश्वास कमी पडला.

त्याच मून यांच्या पंथाचा अभ्यास आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी इंग्लंडमधी केला, 1984 ला तो छापून आला. त्या पंथाच्या शिबिरांना गेलेल्यांतले दहातले नऊ जण पंथात गेलेच नाहीत. म्हणजे माइंड वॉश म्हणजे काही जादूटोणा नाही की गेला आणि अडकला, आणि जो अडकला तो येडाही नसतो. दुष्काळ, कर्ज, नवऱ्याची दारू, पोरगं गेलेलं, अशा वेळी जो कुणी खांद्यावर हात ठेवतो त्याच्याकडं माणूस जातो, आपण कुणीपण गेलो असतो.

साक्ष (सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगणं) आणि पापाची कबुली याबाबतीत मात्र लई जपा. रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञानं 1961 ला चीनमधल्या विचार-बदलाच्या पद्धतीवर लिहिताना आठ खुणा सांगितल्या, त्यात सारखी कबुली घेणं आणि ठराविक शब्द वापरून विचारच बंद करणं या दोन आहेत. कॅथलिक चर्चमधी पापकबुली फादरनं फोडली तर त्याला चर्चमधून बहिष्कृत करतात, इतकं ते कडक आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा माइकवर सांगितलेल्या गोष्टीला असलं काही संरक्षण नाही. नवरा-बायकोचं भांडण, जुनं प्रेमप्रकरण, पैशाचं लफडं हे घोळक्यात सांगू नका, उद्या ग्रुप सोडायचा म्हटलं की तेच पुढं येतं.

पैशाचं बघा. दशांशासाठी, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा द्यायला, बायबलातलं मलाखी 3:10 सगळे वाचून दाखवतात, तुम्ही 2 करिंथ 9:7 पण काढून वाचा, तिथं मनात ठरवल्याप्रमाणं द्या, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नको, असं प्रेषित पौलानं लिहिलंय. सोयाबीनची पट्टी किंवा ऊसतोडीची उचल हातात आली की "बी पेरा, शंभरपट मिळंल" म्हणणाऱ्याला पावती मागा आणि हिशोब विचारा. ट्रस्ट नोंदणीकृत असंल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणं हिशोब ठेवून तपासून घ्यावा लागतो, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चौकशी करता येते.

औषधाच्या बाबतीत थांबूच नका. ज्यांनी आमच्याकडं ख्रिस्ती धर्म आणला त्यांनी जालन्यात मिशन हॉस्पिटल पण उभं केलं, मग गोळी घेणं अविश्वास कसा होईल? प्रार्थना करा, गोळी पण घ्या. आणि महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा सगळ्याच धर्मांना लागू आहे. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. साधी प्रार्थना किंवा उपासना गुन्हा नाही, हेही लक्षात ठेवा, कारण या कायद्याच्या नावाखाली गरीब मंडळीला त्रास देणारे पण असतात आणि ते मला तेवढंच चुकीचं वाटतं.

प्रश्न विचारला म्हणजे विश्वास गेला असं कुणी म्हणालं तर पंडिता रमाबाई सांगा. 1883 ला इंग्लंडमधी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढं तिथल्याच सिस्टरांशी पत्रातून वाद घातला की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, दुसऱ्याच्या हुकमानं मी मानणार नाही. तीच बाई पुढं केडगावला मुक्ती मिशन चालवत मरेपर्यंत ख्रिस्ती राहिली. बायबलातल्या बिरुया गावचे लोक तर पौल बोलला ते खरंय का म्हणून रोज शास्त्र उघडून बघायचे, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 मधी त्यासाठी त्यांचं कौतुकच आहे.

घरातलं कुणी अडकलं असंल तर "तुला येडं केलंय" म्हणू नका, आम्ही तीच चूक केली. मावशी सहा महिने आमच्याशी बोलली नाही, आणि तेवढ्या महिन्यात तिला त्या सभेशिवाय कुणीच उरलं नाही. पाळकाला शिव्या देऊ नका. जेवायला बोलवा, जुन्या गोष्टी काढा, मग विचारा, "तुला तिथं काय आवडतं? न आवडणारं काही आहे का?" आणि गप ऐका. मन लई खचलेलं असंल तर सरकारचा टेलिमानस नंबर 14416 आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

मावशी बाहेर पडली ती पण एका दिवसात नाही. आधी बुधवारची उपास-प्रार्थना सोडली, मग ग्रुप म्यूट केला, मग आमच्या जुन्या मंडळीत मागच्या बाकावर येऊन बसायला लागली. तिथं पहिल्या रविवारी पाळकीणबाईंनी तिला विचारलं, "सलाम मावशी, शुगर किती आली आता?"