घर्षण मोजताना स्फटिकाच्या पृष्ठभागाबाबत या चुका टाळा

तांब्याचे दोन एकस्फटिक नमुने, म्हणजे अखंड एकाच स्फटिकाचे, एक (१११) तलाचा, दुसरा (१००) तलाचा; कंसातले आकडे स्फटिक कोणत्या दिशेने कापला ते सांगतात. दोन्हींवर पिन घासली, घर्षणांक जवळपास सारखाच आला आणि लगेच निष्कर्ष निघाला की स्फटिकाच्या तलाने काही फरक पडत नाही. असा निकाल समोर आला की आधी पॉलिशची नोंद मागावी. तिथे बहुतेकदा एवढंच असतं: एमरी पेपर, १ मायक्रॉनपर्यंत हिऱ्याची पेस्ट, आरशासारखी चमक. पण तांबं मऊ असतं. पेपरच्या ओरखड्याखाली कित्येक मायक्रॉन खोलपर्यंत धातू विस्कटतो आणि अगदी वर चुरगळलेल्या बारीक कणांचा थर उरतो. पिन घासते ती या थरावर. मूळ तल खाली दबलेला. मग दोन नमुन्यांचे आकडे वेगळे येणार कुठून?

यावर उपाय आहे, पण कंटाळवाणा. दर पेपरला नमुना ९० अंश फिरवा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. शेवटी फॉस्फोरिक आम्लात इलेक्ट्रोपॉलिश करून, म्हणजे विजेच्या प्रवाहाने वरचा धातू विरघळवून, निदान ५० मायक्रॉन काढा. तलाची दिशा लाउए चित्रावरून (स्फटिकाने विखुरलेल्या क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून) कळते, पण क्ष-किरण खोल जात असल्याने वरच्या थराची खात्री ईबीएसडीनेच (पृष्ठभागावरून परत विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या तपासणीनेच) होते. भार हलका ठेवा, नाहीतर पिनच नांगरून तोच थर पुन्हा तयार करते. पहिल्या फेरीचा आकडा वेगळा लिहा. सरासरीत घातला की गेला. घाई असणाऱ्यांनी हा प्रयोग हाती घेऊच नये.

घासण्याची दिशा न नोंदणं ही तितकीच सर्रास चूक. (११०) तलावर दोन दिशांना आकडे वेगळे येतात. नमुन्याच्या कडेला खूण करा.

धातू निवडताना ‘अणूंची षट्कोनी रचना म्हणजे कमी घर्षण’ या नियमावर विसंबू नका. तो कोबाल्टला बऱ्यापैकी लागू पडतो. पण तिथेही ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे रचना घनाकृती होऊ लागली की घर्षण वाढतं. टायटॅनियमही षट्कोनीच, पण त्यात सरक (अणूंचे थर एकमेकांवरून घसरणं) मुख्यतः प्रिझम तलांवर, म्हणजे षट्कोनी खांबाच्या बाजूंवर होते, पायाच्या तलावर नाही. त्यामुळे तो सुका घासला की चिकटतो, उपटतो.

ग्रॅफाइट हे कोरडं वंगण निर्वातात वापरू नका, त्याला बाष्प लागतं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या कोरड्या वंगणाचं उलट: दमट हवेत ते लवकर झिजतं.

नमुना बोटांनी धरू नका. त्वचेच्या तेलातल्या मेदाम्लांचा एक रेणूजाड थरही तांब्यावर वंगणाचं काम करतो. चिमटा वापरा, धुवायला ताजं अ‍ॅसिटोन आणि मग इथेनॉल घ्या. उघड्या बाटलीतलं जुनं अ‍ॅसिटोन स्वतःच डाग सोडतं.