हबवरचा रंग आणि खाली जाणारं पेडल

जुनी रेस कार दुरुस्त करून पुन्हा धावती करायला निघालेला जवळपास प्रत्येक जण आधी इंजिनाबद्दल विचारतो. इंजिन चांगलं बांधून देणारी माणसं मिळतात. ब्रेक आणि चाकांची जबाबदारी मात्र तुमच्यावरच येते, आणि गाडी देखणी करण्याच्या नादात नेमके हेच भाग बिघडतात. माझ्या गाडीचं ब्रेकचं पेडल ज्या वळणाआधी खाली गेलं, ते वळण आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पहिली गाडी म्हणून फॉर्म्युला फोर्ड, म्हणजे नवोदितांसाठीच्या साध्या एकआसनी रेस कारच्या वर्गातली गाडी घ्या, असं माझं ठाम मत आहे. हा वर्ग १९६७ साली सुरू झाला. त्यात पुढे रुळलं ते फोर्डचं १६०० सीसीचं केंट इंजिन. नळ्यांची चासी, पंख नाहीत, प्रत्येक सांधा डोळ्यांना दिसतो. त्याच साली आलेल्या, फॉर्म्युला वनसाठीच्या तीन लिटरच्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनाची भुरळ कोणालाही पडेल. ते इंजिन पहिल्याच शर्यतीत, नेदरलँड्समधल्या झँडवूर्टला, ड्रायव्हर जिम क्लार्कच्या हातात जिंकलं. पण तिथे पोचायची घाई करू नका.

गाडी खोलल्यावरचा क्रम तुम्हाला माहीत असेलच, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. तड्यांची तपासणी सँडब्लास्टिंगच्या आधी करा, कारण वाळूच्या माऱ्याने धातू तड्यावर पसरतो आणि मग तडा दाखवणारं रंगद्रव्य आत शिरत नाही. पोलादाला चुंबकीय तपासणी चालते. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमला ती चालत नाही, तिथे रंगद्रव्याचीच चाचणी हवी. दुसरं, सस्पेन्शनचे उच्च ताकदीचे पोलादी भाग चकाकावेत म्हणून प्लेटिंगला देऊ नका. प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो आणि लगेच भट्टीत तापवून तो बाहेर काढला नाही तर भाग ठिसूळ होतो. मग तो वाकण्याची सूचनाही न देता तुटतो.

आता पेडल. माझ्या गाडीचं पेडल गॅरेजमध्ये दगडासारखं घट्ट होतं. ट्रॅकवर पहिल्या हळू फेऱ्यांतही काही जाणवलं नाही. वेग वाढवला, एका खडबडीत वळणातून बाहेर आलो, सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला तर पेडल अर्ध्यापर्यंत खाली. घाबरून पुन्हा दाबलं, तर लगेच घट्ट. पिटमध्ये येऊन पाहावं तर सगळं ठीक. प्रत्येकाने एकच सल्ला दिला: लाइनमध्ये हवा आहे, ब्लीड कर, म्हणजे ती हवा बाहेर काढ. ब्लीडिंग झालं, ब्रेक ऑइल बदललं, मास्टर सिलिंडर बदलला. पेडल खाली जायचं थांबलं नाही.

हे नीट समजून घ्या. हवा असेल तर पेडल गाडी उभी असतानाही स्पंजसारखं लागतं. उभ्या गाडीत घट्ट, धावल्यावर लांब आणि दुसऱ्या दाबाला पुन्हा घट्ट, असं असेल तर बहुधा चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क डगमगते आहे. डगमगणारी डिस्क फिरताना पॅडना ढकलते आणि पिस्टन कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला पॅडनी चिमटीत धरणाऱ्या भागात, नेहमीपेक्षा मागे सरकतात. पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पेडलचा पहिला प्रवास ती फट भरण्यातच जातो. दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या, घट्ट बसवलेल्या कॅलिपरमध्ये हे जास्त जाणवतं.

डिस्क नवी, बेअरिंग नवं, मग डगमग कुठून? हबवरच्या, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावरच्या रंगातून. रंगकाम बाहेर दिलं होतं आणि हब सगळीकडून पावडर कोटिंग होऊन आले होते, डिस्क जिथे टेकते त्या पृष्ठभागासकट. गणित करून पाहा. टेकण्याचा व्यास १०० मिमी, डिस्कचा २५०. थर एका बाजूला ०.१ मिमी जाड असेल तर डिस्कच्या कडेला ०.२५ मिमीचा फरक पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पॅडना पुरतो.

तपासायची पद्धत अशी. आधी बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघा, नाहीतर पुढचे आकडे खोटे येतील. मग डायल गेज (मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत फरक दाखवणारं घड्याळी मापक) नुसत्या हबच्या तोंडावर लावून हब फिरवा. नंतर डिस्क बसवा, सगळे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा, आणि कडेपासून थोडं आत मोजा. सर्वात उंच जागेवर खूण करा. डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा. उंची डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, जागेवरच राहिली तर हबचा. ०.१ मिमीच्या वर आकडा असेल तर मी गाडी बाहेर काढत नाही.

चाक जिथे हबवर टेकतं तिथेही रंग नको. दाबाखाली आणि उष्णतेत थर दबतो, बोल्टचा ताण उतरतो आणि नट सैल होतात. जिथे दोन भाग एकमेकांवर आवळले जातात तिथे उघडा, स्वच्छ धातू हवा. मॅग्नेशियम उघडं ठेवता येत नाही, त्याला मायक्रॉनमधला पातळ रासायनिक थर द्या. रंगाऱ्याकडे भाग देताना हे पृष्ठभाग स्वतः टेप लावून झाका. सांगून भागत नाही.

गुरू शोधताना त्याच्या गॅरेजमध्ये मोजमापांची वही आहे का, ते बघा. कानाने आणि बोटाने सगळं ओळखणारे उस्ताद मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल आदरही आहे. पण नवशिक्याला त्यांच्याकडून निदान मिळतं, रीत मिळत नाही. आणि ‘रिबिल्ट’ म्हणून विकत घेतलेला गिअरबॉक्स न उघडता बसवणं हा शॉर्टकट नाही, जुगार आहे.

एवढं वाचून धीर सुटला असेल तर थांबा. मोजता येणारी गोष्ट दुरुस्त करता येते, आणि हे सगळं मोजता येतं. ट्रॅकवर पहिली फेरी सावकाश मारून लगेच आत या, गळती बघा, नट तपासा. डॉट ४ ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेल्या अवस्थेत ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते; म्हणून फोडून ठेवलेली बाटली वापरू नका. पेडल लांब झालंच तर डाव्या पायाने ब्रेकला हलके टोले देऊन पॅड पुढे आणा आणि सरळ पिटमध्ये परत या. तसंच रेटून पुढे चालवू नका. गाडी थंड झाल्यावर गेज पुन्हा लावा आणि आकडा वहीतल्या आधीच्या आकड्याशी ताडून बघा. पेडल घट्ट राहिलं असेल आणि आकडा बदलला नसेल, तरच पुढच्या सत्रात वेग वाढवायला हरकत नाही.