कप्पा-लॅम्ब्डा लावण्याआधी रक्त धुवा, आणि नीट धुवा

परळच्या मोठ्या रुग्णालयांत किंवा उपनगरातल्या खाजगी लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्री (पेशींना चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून त्या लेझरने एकेक मोजायची पद्धत) शिकताना सीडी3, सीडी19 या टी आणि बी पेशींच्या खुणा लवकर हाताखालून जातात. माणूस अडतो तो कप्पा-लॅम्ब्डापाशी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनच्या हलक्या साखळीच्या दोन प्रकारांपाशी. बी पेशीच्या पृष्ठभागावरची जी इम्युनोग्लोब्युलिन मोजायची, तीच प्लाझ्मातही मोकळी फिरत असते. तुमच्या अँटिबॉडीला दोन्ही सारख्याच.

हिशोब मांडा. 100 मायक्रोलिटर रक्तात साधारण 50 मायक्रोलिटर प्लाझ्मा आणि त्यात 500 मायक्रोग्रॅमच्या आसपास आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य इम्युनोग्लोब्युलिन. तुम्ही घालता ती अँटिबॉडी जेमतेम 1 मायक्रोग्रॅम. 2 मिली अमोनियम क्लोराइडने 10 मिनिटांत लाल पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज केलं आणि तळाशी 100 मायक्रोलिटर ठेवलं, तर 25 मायक्रोग्रॅम उरतं. 2 मिली बफरने एकदा धुतल्यावर सव्वा, दुसऱ्यांदा 0.06. म्हणजे एका धुण्यावर थांबलात तर ट्यूबमध्ये अँटिबॉडीइतकीच मोकळी आयजीजी आहे! "अँटिबॉडी दुप्पट घाल" असं सांगणारे सीनियर भेटतील. ऐकू नका, त्याने पार्श्वभूमीची नकोशी चमक वाढते, प्रश्न तसाच राहतो.

बफर म्हणजे पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारं पाणी), 0.5 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आणि 0.09 टक्के सोडियम अझाइड. अझाइड वगळू नका, नाहीतर अँटिबॉडी बसल्यावर पेशी ती इम्युनोग्लोब्युलिन आत ओढून घेते. प्रोटोकॉलमधलं "रूम टेम्परेचर" 20 ते 25 अंश असतं. एसी बंद पडलेली मे महिन्यातली मुंबईची खोली त्यात बसत नाही.

आता खरा सापळा. अँटिबॉडीची शेपटी (एफसी) पकडणारे पेशीवरचे एफसी रिसेप्टर ब्लॉक करायचे हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून धुऊन झाल्यावर मानवी आयजीजी किंवा एबी रक्तगटाचं मानवी सीरम घातलं जातं. थांबा. त्या आयजीजीत कप्पा आणि लॅम्ब्डा दोन्ही आहेत. जे काढायला एवढं धुतलंत, तेच तुम्ही परत ओतलंत. या ट्यूबला उंदराचं सीरम वापरा, अर्थात तुमची अँटिबॉडी उंदराची मोनोक्लोनल असेल तर. सशाची पॉलिक्लोनल असेल तर सशाचं.

बी पेशी कप्पा आणि लॅम्ब्डा दोन्हींना पॉझिटिव्ह, तिरक्या रेषेत दिसल्या तर एफसी रिसेप्टरला चिकटलेल्या आयजीजीचा संशय घ्या. 37 अंशांच्या बफरने धुऊन नवी ट्यूब लावा. सॉफ्टवेअरमध्ये गेट (पेशी निवडायची चौकट) सरकवून ही रेष सुटत नाही, कोणी कितीही सफाईने करून दाखवलं तरी. दोन्ही निगेटिव्ह दिसल्या तर घाईने "पृष्ठभागावर इम्युनोग्लोब्युलिन नाही" असं लिहू नका. काही लिम्फोमात ते खरंही असतं. त्याच ट्यूबमधल्या उरलेल्या निरोगी बी पेशी बघा: त्या कप्पा आणि लॅम्ब्डा अशा दोन गटांत स्वच्छ विभागल्या असतील, तर धुणं बरोबर झालंय. हे डोळ्यात बसायला वेळ लागतो आणि तो सगळ्यांनाच लागतो. रक्त शिल्लक असेल तोवर बिघडलेली ट्यूब पुन्हा लावता येते.

औषधाची अँटिबॉडी मात्र धुऊन जात नाही. डाराटुमुमॅब हे औषध प्लाझ्मा पेशींवरची सीडी38 खूण झाकतं, रिटुक्सिमॅब बी पेशींवरची सीडी20. तेव्हा प्लाझ्मा पेशींसाठी सीडी138 आणि बी पेशींसाठी सीडी19 यांवर गेट लावा. फॉर्मवर औषधाचा रकाना कोरा असेल, तर ट्यूब लावण्याआधीच वॉर्डला फोन करा.