विंडोज १० वरून ११ वर कधी जायचं?
विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. म्हणून पीसी काही बंद पडत नाही, चालतो मस्त, पण नेहमीचे मोफत सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, त्यामुळे त्याच पीसीवर नेटबँकिंग करत असाल तर फार रेंगाळू नका.

विंडोज ११ ला टीपीएम नावाची सिक्युरिटी चिप लागते, ती आहे का बघायला आधी विंडोज की आणि आर दाबून tpm.msc टाका. व्हर्जन २.० दिसलं तर छान. टीपीएम सापडत नाही असं आलं तरी लगेच नवीन पीसी घ्यायला पळू नका, बऱ्याचदा ते बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) नुसतं ऑफ असतं. प्रोसेसर मात्र इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच लागतो, तिथे इलाज नाही. रॅम ४ जीबी पुरते म्हणतात, पण ८ च्या खाली नादाला लागू नये असं माझं मत, आणि अजून जुनी हार्डडिस्कच असेल तर आधी एसएसडी टाकून घ्या.

जुना प्रिंटर, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर ११ वर चालतं का ते बघा. पोरांची परीक्षा किंवा रिटर्न भरायची लास्ट डेट तोंडावर असताना तर हात लावूच नका. बॅकअप घेऊनच सुरू करा, आणि नाहीच पटलं तर १० दिवसांत सेटिंग्जमधून परत १० वर येता येतं, फक्त तोवर डिस्क क्लीनअप करताना Windows.old फोल्डर उडवू नका, जुनं विंडोज त्यातच असतं.