घरकाम करणाऱ्या बायकांचा साक्षरता वर्ग कसा चालवावा

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर, दिघा किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या वस्तीत असा वर्ग काढायचा तर आधी वेळ पक्की करा. संध्याकाळी स्वयंपाक आणि पाणी भरणं, त्यामुळे तेव्हाचा वर्ग टिकत नाही. दोन कामांच्या मधली दुपारी २.३० ते ४ ही वेळ धरा. आठवड्याला चार दिवस आणि दहाजणी पुरेत.

पहिल्याच दिवशी डोळे बघा. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. बाई ते सांगत नाही, "माझ्या डोक्यात शिरत नाही" म्हणते आणि यायची बंद होते. वर्तमानपत्र फूटभर अंतरावर धरायला द्या. ती कागद लांब नेऊ लागली तर आधी पालिकेच्या रुग्णालयात डोळे तपासून घ्या, मग पाटी हातात द्या.

'अ'पासून सुरुवात नको. ग, म, भ, न यांची वळणं जुळतात, ती आधी घ्या. मग प, र, क, घ, ख, ड आणि काना. एवढ्यावर घर, काम, पगार, खाडा हे रोजच्या तोंडातले शब्द वाचता येतात. वेलांटीसाठी स्टेशनांची नावं घ्या : दिघा, वाशी. 'तुर्भे' मात्र शेवटी. रफाराची खूण 'भ'च्या डोक्यावर असते, उच्चार मात्र त्याच्या आधी होतो. म्हणून घाई केली तर 'तुभेर' वाचलं जातं.

हिशेब प्रत्येकीच्या स्वतःच्या वहीत, खऱ्या पगारावर करा. महिना ६,००० म्हणजे ३० दिवसांनी भागून रोजचे २००. दोन खाड्यांचे ४०० आणि उचल १,००० वजा करून हातात ४,६००. तारीख, खाडा, उचल, बाकी असे चार रकाने पाडून द्या. ही वही महिनाभर नीट भरली की कमी पैसे हातात आले तर ती बाई कागद पुढे ठेवून बोलू शकते.

सही शिकवून थांबणं सर्वांत वाईट. न वाचता केलेली सही अंगठ्याइतकीच अंगाशी येते.

केंद्र सरकारच्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) १५ वर्षांवरच्या निरक्षरांची नोंदणी जवळच्या शाळेतून करा. परीक्षा १५० गुणांची : वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. पेपर तीन तासांचा असतो, म्हणून एकदा सराव पेपर पूर्ण वेळ बसवून घ्या. परीक्षा बहुधा रविवारी येते आणि घरकामाला रविवारची सुट्टी नसते. पंधरा दिवस आधीच प्रत्येक घरी सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवसाचा खाडा लागणार नाही.