कोरांटीवर मुंग्या दिसल्या? आजच कळ्या उलगडून बघा

दसरा झाला की कोरांटी कळ्या धरायला लागते, आणि नेमकं तेव्हाच तिच्याकडे कुणी बघत नाही. काटेरी झाड, त्याला काय होतंय! मग ऐन मार्गशीर्षात फुलांऐवजी काळी, चिकट पानं हाताला लागतात. दरवर्षी हेच बघतोय. मुंग्यांची रांग महिनाभर आधीपासून खोडावर असते, तिच्याकडे काणाडोळा होतो.

कळीला कवटाळून बसलेली हिरवी दलं नखाने बाजूला करा. आत कापसासारखं पांढरं दिसलं आणि बोटाला चिकटलं, तर तो पिठ्या ढेकूण. त्याचा गोड चिकटा मुंग्या खातात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. भिंतीला, तारेला टेकलेल्या फांद्या कापा, तो त्यांचा पूल असतो. कुंडी विटांवर, विटा पाण्याच्या परातीत. बुडाशी वारूळ असेल तर उकरून मोडा. जवळचं गाजर गवत उपटा, पिठ्या त्यावरही पोसतो.

लागण झालेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा, उकिरड्यावर टाकू नका. मग ५ टक्के निंबोळी अर्क (लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून गाळून) किंवा व्हर्टिसिलियम लेकॅनी (पिठ्याला मारणारी मित्रबुरशी) लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळीच फवारा. आभाळ येऊन थंडी मोडली की पिठ्या भराभर वाढतो, असा आपला अनुभव. असे दिवस आले तर रविवारची वाट बघू नका.

दुकानात 'फ्लॉवर बूस्टर'ची बाटली पुढे करतील. घेऊ नका. पिवळी कोरांटी कुंपणाला कुणी काही न घालता फुलते. जास्त नत्राने पालवी लुसलुशीत होते आणि पिठ्याला आयतं जेवण मिळतं. २०१०च्या सुमारास पपईवर आलेला पिठ्यासुद्धा महागड्या फवाऱ्यांनी नाही, बाहेरून आणून सोडलेल्या एका चिमुकल्या परजीवी गांधीलमाशीने आटोक्यात आणला.

बाकी नेहमीचं:
– ऊन भरपूर, निचऱ्याची माती
– वरची माती सुकल्यावरच पाणी
– शेणखत ओंजळभर, पावसाच्या तोंडावर
– छाटणी फुलं संपल्यावर. दिवाळीच्या साफसफाईत कात्री नको
– फाटे पावसाळ्यात लावावेत

नर्सरीतून नवं रोप आणलंत तर पंधरा दिवस वेगळं ठेवा. मातीलगतचं खोड बघा, पिठ्या बहुतेक वेळा तिथूनच घरात येतो. मुंगी दिसली तर रोप परत करा.